विश्लेषण : अमेरिकेतील तीनशे वर्षांपूर्वीचे पूर्वज कसे शोधतात? जुनी खरेदीखते आणि मृत्युपत्रे काय सांगतात?

बराक ओबामा यांचे आफ्रिकेशी नाते केनियात जन्मलेल्या वडिलांमुळे आहे, हे जगाला ठाऊक आहे. मात्र जुलै २०१२ मध्ये ‘ॲन्सेस्ट्री डॉट कॉम’ या वंशावळ शोधणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळाच्या संशोधकांनी एक वेगळाच दावा केला. ओबामांच्या गोऱ्या आईच्या घराण्यातही एक आफ्रिकी पूर्वज असावा. तो पूर्वज म्हणजे व्हर्जिनिया वसाहतीत १६४० मध्ये आयुष्यभराच्या गुलामीची शिक्षा झालेला जॉन पंच, असे त्यांचे म्हणणे होते. जवळपास पावणेचारशे वर्षे मागे जाणाऱ्या या शोधात जन्मदाखला नव्हता, छायाचित्र नव्हते, कौटुंबिक पत्रे नव्हती. मग संशोधक तिथवर पोहोचले कसे? डीएनए चाचणीची मदत झालीच, पण त्याआधी व्हर्जिनियाची जुनी दफ्तरे चाळावी लागली. अमेरिकेतील वसाहतकालीन पूर्वज शोधताना जमिनीची खरेदीखते आणि मृत्युपत्रे एवढी महत्त्वाची का ठरतात, ती कशी वाचतात आणि त्यात फसगत कुठे होते, याविषयी…

जन्मदाखले आणि जनगणना का पुरत नाहीत?

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली कायमची वसाहत, जेम्सटाउन, १६०७ मध्ये वसली. स्वातंत्र्याची घोषणा झाली १७७६ मध्ये. वसाहतकाळ म्हणतात तो हा सुमारे १७० वर्षांचा काळ. देशाची पहिली जनगणना त्यानंतर, म्हणजे १७९० मध्ये झाली. तिच्यातही नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. घरातील इतर माणसे म्हणजे निव्वळ आकडे. त्यातच व्हर्जिनियाची १७९० ची मूळ पत्रके आज उपलब्ध नाहीत. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिणारी पहिली जनगणना १८५० ची. गुलामांची नावे तेव्हाही लिहिली गेली नाहीत.

जन्म-मृत्यूच्या नोंदींचे चित्र प्रांतागणिक बदलते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासूनच गावपातळीवर जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा होता. त्यामुळे उत्तरेकडील घराण्यांचा शोध तुलनेने सोपा जातो. व्हर्जिनियात मात्र जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली. त्याआधी ते काम चर्चच्या वह्यांवर होते आणि त्यातील अनेक वह्या काळाच्या ओघात नष्ट झाल्या.

जमिनीचे तसे नव्हते. मूल जन्मले याची नोंद नसली तरी त्या काळी फारसे अडत नसे. पण शेत कुणाचे, हे लिहून ठेवले नाही तर शेत हातचे जाण्याची भीती. म्हणून माणसांपेक्षा जमिनीची नोंद काटेकोर झाली. आणि जमीन एका हातातून दुसऱ्या हातात का गेली हे सांगताना माणसांची नातीही आपसूक लिहिली गेली. ‘अमक्याचा मुलगा व वारस’, ‘तमक्याची विधवा’, ‘जावई’, ‘अज्ञान मुलाचा पालक’. वंशावळ शोधणाऱ्यांना हवे असते ते नेमके हेच.

जमिनीची पहिली नोंद कशी होई?

इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला जमीन मिळणे दुरापास्त. अमेरिकेत जमीन भरपूर, पण कसणारे हात नाहीत. यावर व्हर्जिनिया कंपनीने १६१८ पासून तोडगा काढला. स्वखर्चाने समुद्र ओलांडून येणाऱ्याला ५० एकर आणि त्याने आणखी माणसे आणली तर प्रत्येकामागे आणखी ५० एकर. या पद्धतीला ‘हेडराइट’, म्हणजे दरडोई हक्क, असे म्हणत. आणलेल्या माणसांची नावे सादर केली की जमिनीची सनद मिळे. ही नावे अनेकदा सनदेतच लिहिली जात. व्हर्जिनियाच्या या सनदांचे गोषवारे नेल मॅरियन न्यूजंट यांनी संकलित केले. त्यांचा पहिला खंड १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही वापरला जातो. मूळ नोंदींच्या प्रतिमा ‘लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया’ने ऑनलाइन उपलब्ध केल्या आहेत.

नवख्याची पहिली चूक इथेच होते. पूर्वजाचे नाव १६५० च्या सनदेत दिसले की तो १६५० मध्ये बोटीतून उतरला, असे गृहीत धरले जाते. वास्तविक हा हक्क विकता येत असे आणि वर्षानुवर्षे राखूनही ठेवता येई. एकाच माणसाच्या नावावर दोनदा जमीन उचलल्याची उदाहरणेही आहेत. त्यामुळे सनदेवरून एवढेच म्हणता येते, की तो माणूस त्या तारखेपूर्वी आला असावा.

एका जमिनीतून चार पिढ्या कशा जोडल्या जातात?

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे याचे उत्तम उदाहरण. पोटोमॅक नदीकाठच्या लिटल हंटिंग क्रीक या ओढ्यालगतची ५,००० एकर जमीन १६७४ मध्ये जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर या दोघांना मिळाली. जॉन हे जॉर्ज यांचे पणजोबा. त्यांचा वाटा त्यांच्या मुलाला, लॉरेन्सला मिळाला. लॉरेन्सच्या मृत्युपत्राने ती जमीन त्यांची मुलगी मिल्ड्रेड हिच्याकडे गेली.

पुढे १७२६ मध्ये मिल्ड्रेड आणि तिचे पती रॉजर ग्रेगरी यांनी ही जमीन ऑगस्टिन वॉशिंग्टन यांना विकली. ऑगस्टिन हे मिल्ड्रेडचे सख्खे भाऊ आणि जॉर्ज यांचे वडील. ऑगस्टिन १७४३ मध्ये वारले, तेव्हा ती त्यांच्या थोरल्या मुलाकडे आली. त्याचेही नाव लॉरेन्सच. जॉर्ज यांचा हा सावत्र भाऊ १७५२ मध्ये वारला. त्याच्या विधवेला जमिनीचा हयातीपुरता हक्क होता. त्यामुळे जॉर्ज यांनी १७५४ मध्ये आधी ती वहिनीकडून भाडेपट्ट्याने घेतली. वहिनी १७६१ मध्ये निवर्तली, त्यानंतरच ते मालक झाले.

आता वॉशिंग्टन हे नाव कुणाला माहीतच नाही, असे समजू. ‘ग्रेगरी’ आडनावाची एक बाई ‘वॉशिंग्टन’ आडनावाच्या माणसाला जमीन विकते, एवढेच एखाद्याला दिसले, तर दोन अनोळखी घराण्यांतील व्यवहार म्हणून तो पुढे जाईल. पण ‘ही जमीन या बाईकडे आली कुठून?’ असा प्रश्न विचारला की पाऊल मागे पडते, तिच्या वडिलांचे मृत्युपत्र सापडते आणि विकणारी व घेणारा बहीण-भाऊ निघतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली शोधण्याचा हा हमखास मार्ग आहे. वडिलोपार्जित जमीन विकायची तर विवाहित मुलींना नवऱ्यासह दस्तात यावे लागे. कधी कधी वडील जाऊन वीस-वीस वर्षे झाल्यावर सगळे वारस मिळून सही करतात आणि संपूर्ण कुटुंब एका कागदावर दिसते.

म्हणूनच अनुभवी संशोधक सांगतात की नावाचा पाठलाग करण्यापेक्षा जमिनीचा पाठलाग करावा. एका नावाची दहा माणसे असू शकतात, पण ओढ्याच्या वळणावरचा तो तुकडा एकच असतो. ही जमीन पूर्वजाकडे कशी आली आणि त्याच्याकडून कशी गेली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवीत. विकत घेतल्याचा दस्त आहे, पण विकल्याचा नाही, तर जमीन वारशाने गेली असणार. विकल्याचा आहे, पण घेतल्याचा नाही, तर ती वारशाने किंवा बायकोकडून आली असणार. दस्त सापडत नाही, हाही अशा वेळी पुरावा ठरतो.

खरेदीखतात नेमके काय पाहावे?

आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असतात, तशा त्या दस्तांतही असत. फक्त तिथे सर्व्हे नंबर नव्हते. ओढ्याच्या मुखाजवळचा पांढरा ओक, तिथून अमुक अंशाच्या दिशेने इतके पोल अंतरावरचा खुणेचा पाइन, तिथून शेजाऱ्याच्या हद्दीने पुन्हा सुरुवातीच्या झाडापर्यंत, अशी वर्णने असत. ‘पोल’ म्हणजे साडेसोळा फूट. चार पोल मिळून ६६ फुटांची साखळी होते. इंग्लंडच्या एडमंड गुंटर यांनी ती १६२० मध्ये रूढ केली. मराठी वाचकाला हे माप वाटते तितके परके नाही. मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी त्याच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची होती. ३३ बाय ३३ फुटांचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. दोन्हीकडच्या एकराचा हिशेब एकाच साखळीतून आला आहे.

दिशा आणि अंतरे दिलेली असल्याने आलेखाच्या कागदावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्या जमिनीची आकृती काढता येते. रेषा फिरून सुरुवातीच्या बिंदूपाशी आल्या की मोजणी जुळली. अशा शेजारशेजारच्या आकृत्या जोडल्या की तीनशे वर्षांपूर्वीची वस्ती उभी राहते. याचा वंशावळीशी संबंध असा, की त्या काळी लग्ने बहुधा आसपासच्याच घरांत होत. बायकोचे माहेर शोधायचे असेल तर आधी शेजाऱ्यांची मृत्युपत्रे पाहावीत, हा सल्ला त्यातूनच आला.

दस्तातील आणखी काही खुणा महत्त्वाच्या असतात. मोबदल्याच्या जागी रकमेऐवजी ‘प्रेम व माया’ असे लिहिले असेल तर ते बक्षीसपत्र. देणारा आणि घेणारा बहुधा बाप-मुलगा किंवा सासरा-जावई. विक्रीच्या वेळी बायकोला वेगळे बोलावून ‘तुझी संमती नवऱ्याच्या दबावाखाली तर नाही ना?’ असे विचारल्याची नोंद असेल, तर त्या तारखेला ती हयात होती हे कळते. कारण नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हयातीपुरता एकतृतीयांश हक्क असे आणि तो तिने स्वतः सोडल्याशिवाय खरेदीदार निर्धास्त होत नसे. अनेकदा संपूर्ण दफ्तरात त्या बाईचे नाव फक्त या एका ओळीत सापडते.

सलग दोन दिवसांचे दोन दस्त दिसले तर मात्र दोन व्यवहार समजू नयेत. पहिल्या दिवशी पाच शिलिंगला वर्षभराचा भाडेपट्टा, भाडे म्हणून मिरीचा एक दाणा, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीला हक्कसोड. इंग्रजी कायद्यातून आलेली ती विक्रीचीच पद्धत होती. पाच शिलिंगचा कागद पाहून ‘पूर्वजाने कवडीमोलाने जमीन दिली’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

मृत्युपत्रात सगळी मुले असतातच का?

नाही, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस वारला तर जमीन थोरल्या मुलाला मिळत असे. हा नियम स्वातंत्र्यानंतर, १७८५ च्या कायद्याने रद्द झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा असे. त्यामुळे दक्षिणेकडील बापाला थोरल्यासाठी वेगळे लिहिण्याची गरज वाटेलच असे नाही. काही मुलांना हयातीतच बक्षीसपत्राने जमीन दिलेली असे, मुलींना लग्नात वाटा दिलेला असे. मग मृत्युपत्रात त्यांचे नाव नसते किंवा नावापुढे फक्त एक शिलिंग असतो. एक शिलिंग म्हणजे बाप रागावला होता, असा अर्थ लगेच काढू नये. अनेकदा त्याचा अर्थ ‘याला त्याचा वाटा आधीच मिळाला आहे’ एवढाच असतो.

मृत्युपत्रावर दोन तारखा असतात. एक लिहिल्याची, दुसरी न्यायालयात सिद्ध झाल्याची, म्हणजे प्रोबेटची. मृत्यू या दोहोंच्या मधला. मृत्युपत्र नसेल तरी दफ्तर संपत नाही. मालमत्तेवर नेमलेल्या प्रशासकाचा जामीनकतबा, घरातील वस्तूंची किमतीसह यादी, विधवेच्या वाट्याची आखणी, अज्ञान मुलांच्या पालकांच्या नेमणुका आणि शेवटचे वाटप, हे सगळे कागद वेगळे सापडतात. मुलांची नावे अनेकदा या वाटपातच मिळतात.

नाती आणि तारखा वाचताना गोंधळ का होतो?

मराठीत पुतण्या, भाचा, मेहुणा, साडू असे नेमके शब्द आहेत. त्या काळच्या इंग्रजीत नात्यांचे शब्द सैल होते. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणा किंवा चर्चमधील सहकारीही. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बाप-लेकच असतील असे नाही. एका गावात एकाच नावाचे काका-पुतणे किंवा नाते नसलेले दोघे असले, तरी वयाने मोठा तो सीनियर. तो वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हे बाळ नव्हे, तर २१ वर्षांखालील कुणीही.

तारखांचा घोळ आणखी वेगळा. इंग्रजी मुलखात १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे डिसेंबर १७२० मध्ये लिहिलेले मृत्युपत्र फेब्रुवारी १७२० मध्ये सिद्ध झालेले दिसते. आधी सिद्ध झाले आणि नंतर लिहिले, असे नाही. आजच्या हिशेबाने ती फेब्रुवारी १७२१ ची. पुढे १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा. माणूस तोच, दिवसही तोच.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचे काय?

मालमत्तेच्या कागदात मालकाचे नाव ठळक असते. पण व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने गुलामांनाच स्थावर मालमत्ता ठरवले. जमिनीप्रमाणे त्यांचाही वारसा लागे. त्याआधी १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला होता. आई गुलाम, तर मूलही गुलाम. त्यामुळे मृत्युपत्रात ‘अमुक मुलीला तमुक बाई व तिची पुढे होणारी संतती’ असे देणे नेहमीचे झाले. जन्मालाही न आलेल्या मुलांचे वाटप बापाच्या मृत्युपत्रात होत असे.

आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य अमेरिकी कुटुंबांना १८७० च्या जनगणनेपर्यंतच नावानिशी मागे जाता येते. त्याआधी त्यांचे पूर्वज जनगणनेत वय, लिंग आणि वर्ण एवढ्यापुरते आहेत. ही भिंत ओलांडायची तर ज्याच्याकडे ते गुलाम होते, त्या मालकाची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात. भांडी, घोडे आणि नांगरांच्या शेजारी किमतीसह लिहिलेले एक नाव, हा अनेकांसाठी पूर्वजाचा एकमेव लेखी पुरावा असतो.

वारसा कायद्याचा या माणसांच्या आयुष्यावर कसा परिणाम होई, हेही वॉशिंग्टन कुटुंबातच दिसते. मार्था यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या गुलामांपैकी एकतृतीयांश मार्था यांच्या वाट्याला आले, पण केवळ हयातीपुरते. जॉर्ज यांनी १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या सव्वाशेच्या आसपास गुलामांना मुक्त करण्याची तरतूद केली. मार्थाच्या वाट्यातील दीडशेहून अधिक गुलामांना ते मुक्त करू शकत नव्हते. कायद्याने ते कस्टिस वारसांचे होते. दोन्ही गटांत परस्परांशी लग्ने झालेली होती. नवरा मुक्त आणि बायको-मुले दुसऱ्याच्या मालकीची, अशी वेळ आली. त्याच वर्षी वॉशिंग्टन यांनी केलेल्या यादीत गुलामांची नावे आणि त्यांचे जोडीदार कोण व कुठे, हे लिहिलेले आहे. आज त्यांच्या वंशजांसाठी ती यादी मोलाची आहे.

गुलामीतून बाहेर पडलेल्यांचा माग लागतो का?

अँथनी जॉन्सन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणलेला ‘अँटोनिओ’ हा आफ्रिकी माणूस म्हणजे हेच, असे इतिहासकार मानतात. पुढे ते स्वतंत्र झाले आणि १६५१ मध्ये नॉर्थम्प्टन काउंटीत पाच जणांच्या दरडोई हक्कावर २५० एकरांची सनद त्यांना मिळाली. त्यांच्या मुलांच्या नावेही जमिनी झाल्या. याच जॉन्सन यांनी १६५५ मध्ये न्यायालयात जाऊन जॉन कॅसर या आफ्रिकी माणसावर आयुष्यभराचा हक्क मिळवला. पूर्वजांच्या कागदात अभिमान वाटावा असेच काही सापडेल, याची हमी नसते.

पुढे १६६५ मध्ये हे कुटुंब मेरीलँडला गेले. तिथे त्यांनी ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले. अँथनी यांच्या निधनानंतर १६७० मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने त्यांच्या मागे राहिलेल्या जमिनीबाबत निर्णय दिला. ते कृष्णवर्णीय, म्हणून परके, म्हणून जमीन सरकारजमा. पण कुटुंबाचा माग तिथेही तुटत नाही. नातू जॉन याने १६७७ मध्ये मेरीलँडमध्ये ४४ एकर घेतले आणि त्या शेताचे नाव ठेवले ‘अंगोला’. हे कुटुंब मूळचे कुठले असावे, याचा सर्वांत जवळचा दुवा त्या शेताच्या नावात राहिला.

दफ्तरच जळाले असेल तर?

अमेरिकी यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड शहराला आग लागली. सुरक्षित राहावीत म्हणून अनेक काउंटींनी आपली जुनी दफ्तरे तिथेच पाठवली होती. जेम्सटाउन ज्या काउंटीत येते, त्या जेम्स सिटी काउंटीचे दफ्तरही त्यात गेले. अशा ठिकाणी बाजूने शिरावे लागते. सनदा वसाहतीच्या मध्यवर्ती कार्यालयात नोंदलेल्या असल्याने त्या वाचल्या. व्हर्जिनियाची १७०४ ची वार्षिक साऱ्याची यादी उपलब्ध आहे. शेजारच्या काउंटीतील दस्त, चर्चच्या व्यवस्थापन मंडळाच्या वह्या आणि नंतरच्या पिढ्यांचे दावे यांतूनही नाती कळतात.

कधी दफ्तर जळालेले नसते, नुसते दुसरीकडे असते. माउंट व्हर्ननची जमीन जागची हलली नाही, पण ती आधी स्टॅफर्ड, १७३१ पासून प्रिन्स विल्यम आणि १७४२ पासून फेअरफॅक्स काउंटीत गणली गेली. आपल्याकडे नवा जिल्हा झाला की जुने कागद जुन्या जिल्ह्यात राहतात, तसेच. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर दस्त काउंटीत नव्हे, गावात नोंदले जात. साउथ कॅरोलायनात वसाहतकाळातील नोंदी चार्ल्सटनमध्ये एकवटलेल्या होत्या. कुठे शोधायचे, हे आधी ठरवावे लागते.

ओबामांच्या वंशावळीतही हीच अडचण आली. जॉन पंच हे १६४० मध्ये पळून गेलेल्या तीन नोकरांपैकी एक. दोघा युरोपीयांची मुदत चार वर्षांनी वाढली, तर पंच यांना जन्मभराची गुलामी मिळाली. पुढे व्हर्जिनियात ‘बंच’ आडनावाचे जमीनदार कुटुंब दिसते आणि ओबामांच्या आईचे घराणे त्यांच्यापर्यंत जाते. बंच पुरुषांच्या डीएनएमध्ये आफ्रिकी वंशाचा पुरावा आहे. मात्र पंच ते बंच हा दुवा सांगणारा थेट कागद हाती नाही. म्हणून संशोधकांनी ‘सर्वाधिक शक्यता’ अशीच भाषा वापरली. एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीतही शक्यता आणि सिद्धता यांतली रेषा पाळली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता मोबाइलवरून शोध शक्य आहे का?

बऱ्याच अंशी. ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या दफ्तरांचे मायक्रोफिल्म चित्रण केले आणि पुढे ते डिजिटल केले. पूर्वी दस्तांच्या सूचीत फक्त देणारा आणि घेणारा यांचीच नावे असत. साक्षीदार, शेजारी किंवा गुलाम म्हणून आलेले नाव शोधायचे तर पाने उलटत बसावे लागे. २०२४ मध्ये फॅमिलीसर्चने कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने हस्ताक्षर वाचून संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय आणली. सुरुवातीलाच त्यात अमेरिकेतील जमीन आणि वारसाविषयक दफ्तरे होती. सूचीत कधीच न आलेली माणसे आता एका शोधात समोर येऊ शकतात. गुलामांच्या वंशजांसाठी हा बदल सर्वांत मोठा आहे.

मात्र यंत्र जुने वळण चुकीचे वाचू शकते. शिवाय वहीतील मजकूर ही मुळात कारकुनाने केलेली नक्कल असते. ऑनलाइन वंशवृक्षांत तर एकाची चूक शेकडो जण उतरवून घेतात. म्हणून क्रम ठरलेला असावा. ज्याची खात्री आहे अशा अलीकडच्या पिढीपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे. प्रत्येक दुव्याला स्वतंत्र कागद मागावा. त्या काळी तो प्रदेश कोणत्या काउंटीत होता, ते पाहावे. पूर्वजाच्या दस्तांबरोबर शेजाऱ्यांचे आणि साक्षीदारांचे दस्तही वाचावेत. आणि एकाच नावाचे दोघे आढळले तर जमिनीवरून, बायकोच्या नावावरून व सहीच्या खुणेवरून ते आधी वेगळे करावेत.

या सगळ्या दफ्तरांत एक गोष्ट सारखी आहे. ती लिहिणाऱ्या कारकुनाला कुणाची वंशावळ जपायची नव्हती, त्याला फक्त मालकी नोंदवायची होती. त्यामुळे ज्याच्याकडे जमीन होती त्याचे घराणे सहज सापडते, आणि जो स्वतःच कुणाच्या मालकीचा होता त्याला त्याच पानावर, दुसऱ्याच्या नावाखाली शोधावे लागते. पान मात्र दोघांसाठी एकच आहे.